पहिल्या खुर्चीचा हिशोब

विषय वाचून रेक्टर सरांनी भुवया उंचावू नयेत! आमच्या मजल्यावर पोकर चालतो तो फक्त चिंचोक्यांवर. (माझं मराठी कॉन्व्हेंटछाप आहे, तेवढं सांभाळून घ्या.)

आपल्यापैकी बहुतेकांचा पत्त्यांशी संबंध दिवाळीच्या तीन पत्तीपुरता. पत्ते भारी तर चाल मोठी, हलके तर छोटी, ही सवय तिथलीच. टेक्सास होल्डेममध्येही आपण तेच करतो आणि सगळ्यात जास्त फटका बसतो पहिल्यांदा बोलणाऱ्याला. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या जागेवरून खेळायचंच असेल, तर बोली कायम एकाच मापाची ठेवावी.

का? थोडं गणित बघू. ५२ पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या १३२६ जोड्या होतात. त्यात दश्शीपासून एक्क्यापर्यंतच्या मोठ्या पेअर फक्त ३०, म्हणजे सव्वादोन टक्के. पण नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या बोलणाऱ्यानंतर आठ जण बोलायचे असतात. त्यांतल्या एकाकडे तरी अशी पेअर असण्याची शक्यता ढोबळमानाने १७ टक्के. तोच माणूस डीलरच्या जागी असेल आणि आधीच्यांनी पत्ते टाकले असतील, तर मागे उरतात दोघं. शक्यता येते साडेचार टक्क्यांवर! म्हणून पहिल्या जागेवरून मोजकेच चांगले पत्ते खेळावेत, बाकीचे मुकाट्याने टाकावेत.

आणि खेळाल तेव्हा एक्क्यांची पेअर असो की नव्व्यांची, बोली तीच. समजा, मोठ्या ब्लाइंडच्या तिप्पट. एक्क्यांवर पाचपट आणि नव्व्यांवर दुप्पट लावलीत, तर तासाभरात समोरचा तुमचे पत्ते न बघताच वाचू लागेल.

यावर रूममेटचा सवाल: "मग तुझ्याऐवजी मशीनच बसवू की!" अहो, मशीन बसून झालंय! २०१९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या प्लुरिबस प्रोग्रॅमने सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. पण ते एका ठरलेल्या साच्यात खेळत नव्हतं. तेच पत्ते असले तरी कधी बोली, कधी माघार, असं मिश्रण करत होतं. फॉन नॉयमन आणि मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ च्या पुस्तकात हेच गणिताने दाखवलंय, की अधूनमधून ब्लफ हा योग्य खेळाचाच भाग आहे. तेव्हा माप ठरलेलं असावं, डोकं नाही!

आता मुद्द्याचं. फिक्स बोली म्हणजे फिक्स कमाई नव्हे. मापामुळे तुमचे पत्ते लपतात, सुधारत नाहीत. "सिस्टीम सापडली" म्हणून मेसचे पैसे टेबलावर ठेवायला निघालेल्यांना म्हणूनच माझा ठाम विरोध आहे. शिवाय २०२५ साली संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यात कौशल्याचे खेळही आले. म्हणजे "हा स्किल गेम आहे" ही सबबही गेली.

प्रोबॅबिलिटी शिकायला चिंचोके पुरतात आणि हरलं तरी दुसऱ्या दिवशी जेवायला मिळतं. बघा पटतंय का!