रिपोर्ट नॉर्मल, माणूस अंथरुणात

कोविड होऊन गेल्यावर महिनोन्‌महिने ज्यांचा थकवा उतरत नाही, ज्यांना जिना चढताना धडधडते आणि वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते, त्यांच्या हाती रक्ततपासणीचे निर्दोष अहवाल देऊन ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगण्याची दवाखान्यांतील रीत अशास्त्रीय आहे आणि ती बंद झाली पाहिजे, असे या पत्रकाचे म्हणणे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्येच या विकाराची व्याख्या केली असून, संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडा न होणारी लक्षणे तीत अभिप्रेत आहेत. ‘लाँग कोविड’ हे नाव मात्र त्याआधीच, मे २०२० मध्ये, एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्व-संशोधिकेने स्वतः आजारी असताना दिले होते. म्हणजे रोग आधी ओळखला तो रुग्णांनी.

‘पडून राहू नका, रोज थोडे जास्त चाला’ हा सल्ला तर अनेकांना घातक ठरतो. या आजारात पुष्कळांना श्रमोत्तर बिघाड होतो, म्हणजे श्रमाचा फटका त्याच वेळी न बसता एक-दोन दिवसांनी बसतो : सोमवारी कणीक मळून, धुणे वाळत घालून ठीक असलेली बाई बुधवारी दात घासायलाही उठू शकत नाही आणि घरात तिला अंगचोर ठरवले जाते. याच लक्षणाने ओळखल्या जाणाऱ्या दीर्घ थकव्याच्या जुन्या विकारासाठी, टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये मागे घेतली. अशा रुग्णाने शक्ती संपण्याआधीच थांबावे, भाजी स्टुलावर बसून चिरावी, आंघोळ आणि स्वयंपाक यांमध्ये तासभर आडवे व्हावे. हा आळस नसून उपचार आहे.

‘रिपोर्टमध्ये काही येत नाही’ ही सबबही पुरती खरी नाही. काही रुग्णांत उभे राहताच नाडी भरमसाट वाढते, ज्याला वैद्यकात ‘पॉट्स’ म्हणतात, आणि ते तपासायला रुग्णाला आधी आडवे ठेवून नंतर दहा मिनिटे उभे करावे लागते. प्रौढाचा रक्तदाब फारसा न उतरता नाडीचे ठोके मिनिटाला तीस किंवा अधिक वाढून तसेच राहिले, तर या विकाराची दाट शंका घ्यावी. घड्याळ आणि रक्तदाबाचे यंत्र कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात असते. दुसऱ्या लाटेत एचआरसीटीचा स्कोअर घरोघरी तोंडपाठ झाला होता, पण ही फुकटची चाचणी कोणी केल्याचे क्वचितच ऐकू येते.

उरतो प्रश्न पोटाचा. राज्य कर्मचारी विमा योजनेत आजारपणाचा भत्ता वर्षाला ९१ दिवस, वेतनाच्या ७० टक्के दराने मिळतो. क्षयासारख्या दीर्घ आजारांना तो दोन वर्षांपर्यंत आणि ८० टक्के दराने मिळतो, कारण ते आजार ठरलेल्या यादीत आहेत. बहुतेकांना हळूहळू आराम पडतो, काहींना वर्षे लागतात, आणि ९१ दिवसांचा हिशेब त्यांना लागू पडत नाही. म्हणून दीर्घ कोविडचा त्या यादीत समावेश व्हावा, अशी मागणी कामगार संघटनांनी लेखी करावी. आणि रुग्णांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढेच म्हणावे : दहा मिनिटे उभे करून नाडी मोजा.