जोड कोण लावणार?

जड गटातल्या पोराची मोठी अडचण ही, की तो वयाआधीच मोठा दिसतो. माझा भाचा अठरा वर्षांचा आहे. उंची सहा फूट दोन इंच, वजन ९४ किलो. सिटीबसचा कंडक्टर त्याला 'अहो' म्हणतो, लग्नकार्यात बायका ताईला "मुलाचं बघताय का?" असं विचारतात. प्रत्यक्षात हा अजून ताटात भेंडी दिसली की तोंड वाकडं करतो. बॉक्सिंगमध्येही नेमकं हेच होतं. लोक अंगाकडे बघून वय ठरवतात आणि तसाच गडी समोर उभा करतात.

हे लिहायचं कारण असं, की महिनाभर घरात एकच विषय चालू आहे. एका गृहस्थांनी (नाव नको) दाजींना करार दाखवलाय. व्यावसायिक बॉक्सिंग, वर्षाला सहा लढती, राहणं-खाणं त्यांच्याकडे, वर महिन्याला ठरावीक पैसे. दाजींची शेती पैठणच्या बाजूला, कापसाचा भरवसा नाही. त्यांना मोह पडला यात मला काही गैर वाटत नाही. पण त्यांनी टायसनचं नाव काढलं आणि मला राहवलं नाही. घरात माझं कोणी ऐकून घेत नाही, म्हणून इथं लिहितोय.

माइक टायसन मार्च १९८५ मध्ये व्यावसायिक झाला आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्याच फेरीत आडवं करून जगज्जेता झाला. वय वीस वर्षं चार महिने. एवढंच सगळ्यांना पाठ असतं. त्याआधीची वर्षं कोणी मोजत नाही. तेरा-चौदा वर्षांचा असताना तो कस डमाटो या म्हाताऱ्या प्रशिक्षकाच्या हाती लागला, पुढं त्याच्या घरीच राहिला. १९८४ च्या ऑलिंपिक निवडीत हेन्री टिलमनकडून दोनदा हरलासुद्धा. मग १९८५ या एका वर्षात पंधरा लढती. समोर कोण होते? आज नावंही आठवू नयेत असे. चुकलं तरी फार मोल मोजावं लागू नये, अशा बेतानं निवडलेले. बर्बिकसमोर तो उभा राहिला ती त्याची अठ्ठाविसावी लढत होती. याला घाई म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

इंग्लंडचा मोझेस इटाउमा हा विक्रम मोडणार म्हणून मध्ये बराच गाजावाजा झाला होता. मे २०२५ मध्ये ती मुदत टळून गेली. काही बिघडलं नाही. ऑगस्टमध्ये त्यानं डिलियन व्हाइटला पहिल्याच फेरीत संपवलं.

थोडं विषयांतर वाटेल, पण आपल्या जत्रेतल्या कुस्त्या आठवा. सुरुवातीला रेवड्यांवर चिल्लीपिल्ली लढतात, मग नारळावर, मग शंभर-पाचशेवर, आणि मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती पार दिवस मावळताना. या सगळ्यात खरं काम असतं जोड लावणाऱ्याचं. दोन पोरं शेजारी उभी करून तो खांदे बघतो, मान बघतो, कुणाच्या तालमीतला ते विचारतो. विजोड कुस्ती लागली तर आख्खा फड ओरडतो. वस्तादाला आपल्या पोराची ताकद कळायला हवीच, पण आज कुणाला 'नाही' म्हणायचं हे त्याहून जास्त कळायला हवं. दाजींना दाखवलेल्या करारात जोड लावायचा हक्क पूर्णपणे त्या गृहस्थांचा आहे. आमच्या पोराच्या सरांचा कुठं उल्लेखही नाही. माझी हरकत पैशाला नाही, या कलमाला आहे.

कारण जड गट हा मुळातच विजोड. हौशी बॉक्सिंगमध्ये आता पुरुषांचा सगळ्यात वरचा गट '९० किलोच्या वर' असा आहे. बाकी गटांना वर झाकण असतं, याला नाही. साठ किलोच्या पोरासमोर साठाचाच येणार. आमच्या ९४ किलोच्या समोर ११५ किलोचा, तिशीतला, सैन्यदलात मुरलेला गडी येऊ शकतो. एकोणिसाव्या वर्षी वरिष्ठ गट सुरू होतो, म्हणजे जानेवारीपासून त्याचीही पाळी. वरिष्ठ पुरुषांचं हेडगार्ड २०१३ साली काढलं गेलं. रिओ, टोकियो, पॅरिस तिन्ही ऑलिंपिकला पुरुष उघड्या डोक्यानं लढले. आणि डोक्याला मार काय फक्त स्पर्धेत बसतो? रोजच्या सरावात त्याहून जास्त बसतो. ताई, हे वाचून लगेच फोन करू नकोस, सर त्याला आठवड्यातून एकदाच जोरात स्पारिंग करू देतात.

आपल्याकडचे जड गटातले चांगले बॉक्सर बघा. कौर सिंग सैन्यात गेल्यावर बॉक्सिंगकडे वळले. १९८० साली दिल्लीत मुहम्मद अलीबरोबर चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत खेळले, १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, तेव्हा तिशी ओलांडलेली होती. सतीश कुमार आधी कबड्डी खेळायचा. सैन्यात त्याची उंची बघून प्रशिक्षकांनी हातात ग्लोव्ह्ज दिले. सुपर हेवीवेटमध्ये ऑलिंपिकला पात्र ठरलेला पहिला भारतीय तो, टोकियोला बत्तीस वर्षांचा. चेहऱ्यावर टाके घेऊन जलोलोव्हशी लढला. कोणी म्हणेल, हे दोघं लवकर सुरू झाले असते तर आणखी पुढं गेले असते. असतीलही. मी लवकर शिकवण्याच्या विरोधात नाहीच, लवकर भिडवण्याच्या विरोधात आहे.

दाजींचा दुसरा हट्ट वजनाचा. ११० वर न्यायचं म्हणतात. हे आपल्या कुस्तीचं खूळ. महाराष्ट्र केसरीचा मान खुल्या गटाला, म्हणून पोरं अंग फुगवत बसतात. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं ते बँटमवेटमध्ये, आणि आपल्या बीडच्या राहुल आवारेंनी २०१९ ला जागतिक स्पर्धेत कांस्य आणलं ते ६१ किलोत! याची हाडं अजून भरायचीत. वजन येईल तेव्हा येईल, तोवर पाय हलू देत.

हरण्याची भीती मला कमी वाटते. डॅनियल डुबॉइस २०२० मध्ये जो जॉइसकडून हरला, डोळ्याजवळचं हाड मोडलं, लोक पळपुटा म्हणाले. २०२४ मध्ये त्यानंच वेंब्लीत जोशुआला पाचव्या फेरीत पाडलं. पण असं परत येणारे मोजके. बाकीच्यांची नावं मला सांगता येत नाहीत, यातच काय ते आलं.

माझं म्हणणं मी दाजींना सांगितलंय. दोन वर्षं विद्यापीठाच्या आणि राज्याच्या स्पर्धा, वरिष्ठ गटात फक्त सर म्हणतील तिथं, आणि सही विशीनंतर. तोवरचा खुराक आणि प्रवास मी आणि धाकटा भाऊ वाटून घेऊ. दाजी अजून 'बघू' म्हणतायत.

तोवर एक काम. इथं शहरात, विद्यापीठाजवळचं साईचं केंद्र धरूनही, त्याच्या वयाचे नव्वदच्या वरचे सोबती सापडत नाहीत. क्लबात ८० च्या वर दोघंच, दोघंही त्याच्याहून बुटके, त्यामुळं खाली वाकून मारायची सवय लागत चाललीय. पुण्या-मुंबईत तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीत अठरा-एकोणीसचा, सहा फुटांच्या आसपासचा बॉक्सर असेल तर कळवा. दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर पाठवायचा विचार आहे. राहायची सोय झाली तर उत्तमच, भेंडी सोडून सगळं खातो.