आधी वॉशर, मग टायर

जुनी फोर-व्हील पिकअप हाती आली की आपले मित्र पहिला खर्च करतात तो मोठ्या टायरांवर. माझ्या मते ही रीत उलटी आहे.

२८ इंची टायर काढून ३१ इंची घातले, तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ने धावत असते. ब्रेक मात्र जुनेच. चोर्ला घाट उतरताना त्याचा अर्थ कळतो! उंचीसाठी पाट्यांचे शॅकल लांब केले की पुढच्या अ‍ॅक्सलचा कोन बदलतो, स्टिअरिंग थरथरू लागते; आणि दोष कुणाचा? म्हाताऱ्या गाडीचा.

खरी दुखणी पुष्कळदा स्वस्त असतात. डिझेल गाडी सकाळी सुरू होऊन लगेच बंद पडते, तेव्हा बहुधा ती ‘एअर घेत’ असते. फिल्टरपाशचा तांब्याचा वॉशर किंवा तडकलेली नळी बदलावी, स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारावा. सगळा पंप उतरवण्याची घाई कशाला? हेडलाइट मंद असतील तर आधी अर्थच्या तारेचा गंज घासा. चाके थडथडत असतील तर डँपर विकत घेण्यापूर्वी चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा. किंगपिनची बेअरिंगे झिजली असल्यास हाताला लागते.

शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच. नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले.

मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांनी दोन-चार रविवार एखाद्या जुन्या मिस्त्रीपाशी काढावेत. तो बॉनेट उघडण्याआधी गाडीखाली झोपतो, तेल कुठे गळते ते पाहायला.