गायरानापासून डेटापर्यंत : नोंद कोणाची, मालकी कोणाची?

मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत गायरानाचा तुकडा तीस-चाळीस वर्षांपासून कसणारी भूमिहीन कुटुंबे आजही भेटतात. कोणी बौद्ध, कोणी मातंग, कोणी पारधी. त्यांनी दगड वेचले, काटेरी झुडपे तोडली, माळ पेरणीला आणला, प्रसंगी गावातल्या धनदांडग्यांचा मार खाल्ला. तरी सरकारच्या लेखी ते शेतकरी नाहीत, 'अतिक्रमणधारक' आहेत. कारण सातबाऱ्यावर त्यांचे नाव नाही. १९९१ साली शासन निर्णय निघाला आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तेव्हा पुरावा म्हणून काय मागितले गेले? हाताचे घट्टे कोणी पाहिले नाहीत. गाव नमुना १-ई मधली नोंद पाहिली, दंडाची पावती पाहिली. तलाठ्याने नोंद घेतली असेल तर तुम्ही त्या जमिनीवर होता. नसेल घेतली तर तुम्ही तिथे कधी नव्हताच!

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून आपली चळवळ हे शिकत आली आहे. जमीन मातीची असते, पण जमिनीची मालकी कागदाची असते आणि त्या कागदाला ताकद कायदा देतो. कोकणातल्या खोताचे तेच होते. खोत काही आकाशातून पडला नव्हता. सारा गोळा करणाऱ्या मध्यस्थाचे हक्क इंग्रजांच्या १८८० च्या खोती कायद्याने पक्के केले आणि कुळे त्याच्या दावणीला बांधली गेली. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. खोत चांगला की वाईट, या वादात ते अडकले नाहीत. ज्या कायद्याने खोत निर्माण झाला तो कायदाच त्यांनी हाती घेतला.

हे सारे आज सांगण्याचे कारण असे की, एक नवी जमीन आपल्या डोळ्यांदेखत वाटली जात आहे आणि तिचा सातबारा कोणाच्या नावे निघतो आहे याकडे चळवळीचे पुरेसे लक्ष नाही. ही जमीन म्हणजे डेटा. आपले नाव, जात, बोटांचे ठसे, फोन नंबर, कुठे गेलो, काय विकत घेतले, किती वेळ काम केले, याची नोंद. 'तंत्रज्ञान बदलले, त्याला कोण काय करणार?' असे आपल्याला सांगितले जाते. ही शुद्ध दिशाभूल आहे. यंत्र नोंद करते. ती नोंद कोणाच्या मालकीची, कोणाला दिसणार आणि कोणापासून झाकली जाणार, हे कायदा ठरवतो.

मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर पाठीला मोठी पिशवी लावून दुचाकीवर धावणारी पोरे पाहा. आपल्या वस्त्यांतली किती तरी पोरे त्यात आहेत. कंपनी त्यांना कामगार म्हणत नाही, 'पार्टनर' म्हणते. हा कसला भागीदार, ज्याला धंद्याचा हिशेब दिसत नाही? तो कुठे थांबला, किती मिनिटांत पोहोचला, गिऱ्हाईकाने किती तारे दिले, याची क्षणाक्षणाची नोंद कंपनीकडे असते. एके दिवशी सकाळी आयडी ब्लॉक झालेला असतो. का झाला, कोणी केला, दाद कुठे मागायची, काही कळत नाही. ज्या हिशेबाने त्याची रोजी जाते, तो हिशेब कंपनीचे व्यापारी गुपित ठरतो. ही ताकद त्या मोबाइलमध्ये नसते. ती करारात असते आणि करारामागे कायदा उभा असतो.

याचा पुरावा हवा असेल तर ब्रिटनकडे पाहा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या चालकांबाबत निकाल दिला. चालक स्वतंत्र व्यावसायिक आहेत, असे कंपनी म्हणत होती. न्यायालयाने कराराची भाषा बाजूला ठेवून प्रत्यक्षात हुकूम कोणाचा चालतो ते पाहिले आणि हे चालक कामगार असल्याने किमान वेतन व पगारी रजेचे हक्कदार आहेत, असे ठरवले. ॲप तेच, गाडी तीच, चालक तोच. बदलले ते फक्त कायद्याने लावलेले नाव, आणि त्या नावाबरोबर हक्क आले. आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने ॲपवरच्या कामगाराची प्रथमच दखल घेतली, हे खरे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याण निधीसाठी द्यावी, अशी तरतूद तिच्यात आहे. पण याच संहितेच्या व्याख्येत त्याला मालक-नोकर नात्याच्या बाहेर ठेवले आहे. थोडक्यात, कल्याण मिळेल, हक्क मिळणार नाही. भिक्षा आणि हक्क यांतला फरक आंबेडकरी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

नोंदीच्या राजकारणाची दुसरी बाजू आपल्या भटक्या-विमुक्त बांधवांनी भोगली आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. संपूर्ण जमातीच गुन्हेगार ठरवल्या, त्यांच्या नोंदवह्या ठेवल्या, हजेरी लावली, पुढे माणसांना तारेच्या कुंपणात कोंडले. सोलापूरचे सेटलमेंट त्याची साक्ष आहे. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. आज कायद्यात जमातीचे नाव नाही. परंतु २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने बोटांच्या ठशांबरोबर डोळ्यांच्या बाहुल्यांचे स्कॅनही घेण्याचा अधिकार पोलिसांना दिला आणि ही नोंद ७५ वर्षे जपून ठेवण्याची तरतूद केली. संशय आला की पारध्याच्या पालावर पहिली धाड पडते, त्या देशात या नोंदवहीत कोणाची पोरे आधी जमा होतील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

कोणी म्हणेल, आता खासगीपणाचा कायदा झाला आहे, मग भीती कशाची? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. आता तो कोणाचे संरक्षण करतो ते तपासू.

पहिले, केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या कोणत्याही यंत्रणेला देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी या कायद्यातून वगळू शकते. दुसरे, तक्रार ऐकणाऱ्या मंडळाच्या नेमणुका केंद्र सरकारच करते. सर्वात मोठी नोंदवही ज्याच्याकडे, न्यायाधीशही त्याचाच! तिसरे, कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण ती रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली, त्याच्या हाती छदामही नाही. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये नुकसानभरपाईची सोय होती, तीही काढून टाकण्याची तरतूद याच कायद्यात आहे. उलट नागरिकावर 'कर्तव्ये' लादून ती मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे.

आणि चौथी गोष्ट सर्वात गंभीर आहे. या कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(जे) बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने एखाद्याच्या खासगीपणावर विनाकारण आघात होतो, हे दिसावे लागे. व्यापक लोकहित असेल तर तीही देता येत असे. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही नागरिकाला नाकारता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. हे सारे पुसून आता उरले आहे एवढेच, की माहिती वैयक्तिक असेल तर ती नाकारता येईल.

आपल्यासाठी याचा अर्थ काय? शिष्यवृत्ती कोणाच्या नावावर निघाली, जातीच्या खोट्या दाखल्यावर राखीव जागा कोणी बळकावली, घरकुल कोणाला मिळाले, मागासवर्गीयांचा निधी कोणत्या ठेकेदाराच्या खिशात गेला, हे आपले कार्यकर्ते दहा रुपयांच्या अर्जावर विचारत आले. यातल्या प्रत्येक उत्तरात कोणाचे तरी नाव असणारच. राजस्थानात १९९४ पासून मजूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनवाया घेतल्या, तेव्हा मजुरांच्या हजेरीपटावरील नावे मोठ्याने वाचूनच भ्रष्टाचार उघडा पडला होता. नावच झाकले, तर चोर कसा सापडणार?

सरकार म्हणते, कलम ८(२) शाबूत आहे, लोकहित असेल तर माहिती देता येईल. हा युक्तिवाद ऐकायला बरा आहे. पण लोकहित मोठे आहे की नाही, हे आधी ठरवणार तोच अधिकारी, ज्याच्या कारभाराची माहिती मागितली आहे. त्याने नकार दिला की अपिलाच्या फेऱ्या मारायच्या त्या अर्जदाराने. आणि घाई पाहा! नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम जाहीर झाले, तेव्हा कंपन्यांवरील मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. माहिती अधिकाराची कात्री मात्र तत्काळ लागू झाली.

मग खासगीपणा आपल्याला नको आहे का? असे कोणी समजू नये. आडनाव कळताच घर नाकारले जाते, रँक विचारून वसतिगृहात विद्यार्थ्याची जात काढली जाते, अशा समाजात खासगीपणाची गरज सर्वात जास्त आपल्यालाच आहे. आक्षेप आहे तो वाटणीवर. साहेबाची फाईल झाकली आणि गरिबाचा अंगठा उघडा पडला, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. रेशनच्या यंत्रावर म्हाताऱ्या मजुराचा झिजलेला अंगठा उमटला नाही तर त्याचे धान्य अडते. तेच धान्य दुकानदाराने कोणाच्या नावावर उचलले हे विचारले, तर आता ती 'वैयक्तिक माहिती' ठरू शकते.

बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. १९४७ साली संविधान सभेसाठी लिहिलेल्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग व शेती राज्याच्या मालकीची करावी आणि ही आर्थिक रचना संविधानातच लिहून ठेवावी, असा आग्रह धरला. राज्याने अंग काढून घेतले की उरते ती खासगी मालकाची हुकूमशाही, हे त्यांनी ओळखले होते. आज मालक आणि राज्य या दोघांच्याही हाती नोंदवही आहे. म्हणून दोघांनाही कायद्याने बांधणे हाच आंबेडकरी मार्ग आहे.

तेव्हा चळवळीच्या मागणीपत्रात आता काही नवी कलमे आली पाहिजेत. माहिती अधिकारातील जुने कलम ८(१)(जे) परत आणा. डेटा मंडळ सरकारपासून स्वतंत्र करा आणि त्यात अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त व महिलांना प्रतिनिधित्व द्या. माहिती फुटली तर भरपाई पीडिताला द्या. आयडी ब्लॉक करण्याआधी कामगाराला त्याच्या भाषेत लेखी कारण द्या आणि ते माणसासमोर मांडण्याची संधी द्या. आपल्या वकील मंडळींनी गायरानाच्या दाव्यांइतकेच हे दावेही आपले मानावेत. संगणक क्षेत्रात गेलेल्या आपल्या मुला-मुलींनी महिन्यातून एक रविवार वस्तीतल्या विहारात बसून हा विषय सोप्या मराठीत समजावून सांगावा.

गायरानाची नोंद झाली नाही म्हणून आपल्या दोन पिढ्या तहसीलच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. नव्या जमिनीची मोजणी आज चालू आहे. मोजणीच्या वेळी जो हजर नसतो, त्याची हद्द दुसराच ठरवतो, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही.