टाकीतला समुद्र आणि निकषांचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या माझ्या मावसभावाकडे पंधरा दिवस राहण्याचा योग आला. त्याच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी होती आणि तीत जिवंत प्रवाळ वाढत होते. माझे लक्ष मात्र टाकीपेक्षा तिच्या शेजारच्या वहीने अधिक वेधून घेतले. तापमान, क्षारता, अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट, फॉस्फेट अशा रकान्यांत तिथे रोजच्या नोंदी होत्या. "टाकी कशी चालली आहे?" असे मी विचारले, तेव्हा त्याने टाकीकडे न पाहता वही उघडली. साहित्याचा अध्यापक म्हणून ही कृती मला फार ओळखीची वाटली. कवितेविषयी विचारले असता कवितेकडे न वळता टिपणवही उघडणारे विद्यार्थी, आणि प्राध्यापकही, आपण सर्वांनीच पाहिले आहेत.

घरगुती प्रवाळटाकीचा दर्जा कशावरून ठरवायचा, याविषयी या हौशी मंडळींत जे मतभेद आहेत ते वाङ्मयीन मूल्यमापनाच्या वादांपेक्षा फारसे निराळे नाहीत. स्थूलमानाने तीन पक्ष संभवतात. पहिला मोजमापवाद्यांचा. पाण्याची क्षारता हजारी पस्तीस, कॅल्शियम लिटरला चारशे ते साडेचारशे मिलिग्रॅम, मॅग्नेशियम तेराशेच्या आसपास. हे आकडे जुळले की टाकी उत्तम. दुसरा रंगवाद्यांचा. जांभळे, हिरवे, गुलाबी प्रवाळ झळाळत असतील तर आकडे काहीही असोत, टाकी उत्तम. तिसरा पक्ष रचनावाद्यांचा. पूर्वी टाकीच्या मागच्या काचेला टेकून दगडांची भिंत रचण्याची रीत होती. पुढे मोकळी जागा राखणारी, दोन-तीन बेटांची मांडणी रूढ झाली. मर्ढेकरांच्या संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची आठवण व्हावी, अशा भाषेत ही मंडळी दगडांविषयी बोलतात.

यांतील पहिला पक्ष वरकरणी सर्वांत निर्धोक वाटतो. म्हणून त्याची तपासणी आधी करू. प्रवाळभित्तीच्या पाण्यात विरघळलेले नायट्रेट आणि फॉस्फेट अत्यल्प असते, हे खरे. त्यावरून टाकीतही हे आकडे शून्यावर आणावेत, असा आग्रह दीर्घकाळ धरला गेला. माझ्या मावसभावाने तो निष्ठेने पाळला. वहीत शून्य उमटले आणि पुढच्या काही आठवड्यांत वाळूवर व दगडांवर डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, चिकट थर पसरला. प्रवाळांची त्वचा सुटू लागली. वर्षाच्या कष्टांपैकी निम्मे त्या दोन महिन्यांत गेले. चूक कोठे झाली? समुद्राच्या पाण्यात पोषणद्रव्ये विरळ असली तरी प्लवकांचा अखंड ओघ प्रवाळावरून वाहत असतो. तिथले शून्य हे वाहत्या समृद्धीतले शून्य आहे. टाकीतले शून्य हे निव्वळ उपासमारीचे. आता बहुतेक जाणकार ही दोन्ही द्रव्ये थोड्या प्रमाणात राहू द्यावीत असेच सांगतात. त्याने निसर्गाचे अनुकरण केले, पण ते आकड्याचे होते, प्रक्रियेचे नव्हते. बोलीतले चार शब्द पेरले की ग्रामीण कथा वास्तव होते, असे मानणाऱ्या लेखकाची गफलत याहून वेगळी नसते.

रंगवाद्यांची स्थिती अधिक उद्बोधक आहे. प्रवाळाच्या ऊतींत झूझॅन्थेली नावाचे एकपेशीय शैवाल राहते. प्रकाशापासून ते अन्न बनवते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. या शैवालाचा रंग सोनेरी-तपकिरी. ते भरपूर असेल तर प्रवाळ तपकिरी दिसतो, आणि पुष्कळदा जोमाने वाढतही असतो. पण हौशी माणसाच्या लेखी प्रवाळ तपकिरी झाला म्हणजे टाकी फसली. ज्या फिकट, नाजूक छटांची वाखाणणी होते, त्या अनेकदा शैवाल कमी झाल्यामुळे, म्हणजे उपासाच्या सीमेवर, उमटलेल्या असतात. त्यात निळ्या दिव्यांची भर पडते. प्रवाळातली काही प्रथिने निळा प्रकाश शोषून हिरव्या-लाल प्रकाशात झळकतात. छायाचित्र त्याच घटकेला घेतले जाते. त्याच टाकीवर पांढरा दिवा लावला, तर निम्मी जादू ओसरते. या रंगांना मी खोटे म्हणणार नाही. पण भोक्त्याच्या डोळ्याला जे सुंदर वाटते आणि जीवाला जे मानवते, त्यांत येथे अंतर पडते, एवढे तरी कबूल केले पाहिजे. कलावाद आणि जीवनवाद यांचा जुना झगडा इथे शब्दशः जिवावर येतो.

मग निकष कोणता? माझ्या मते काळ. पण या विधानाला लगेच पुरवणी जोडली पाहिजे, नाही तर केवळ टिकणे म्हणजेच श्रेष्ठत्व असा अर्थ निघेल आणि वाचनालयात पन्नास वर्षे फिरत राहिलेली प्रत्येक कादंबरी अभिजात ठरेल. काळ हे स्वतः मूल्य नव्हे. इतर मूल्ये खरी की उसनी, हे ज्यात उघड होते ते माध्यम आहे. तीन महिन्यांची टाकी कोणीही देखणी करू शकतो, कारण तिच्यातले प्रवाळ दुसरीकडे वाढलेले असतात. पाच वर्षांनी मात्र प्रवाळाने दगडाला स्वतः घातलेला पाया दिसतो, शेजारच्या दोन वसाहतींनी आपसांत आखलेली सीमा दिसते, मुळात ठरवलेली मांडणी वाढीने मोडून काढलेली दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून आणलेले प्रवाळ घरात वर्षानुवर्षे जगवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहावे लागे. चाचणीसंच नव्हते, निळे दिवे नव्हते. होते ते रोजचे निरीक्षण.

काळाचा निकष आणखी एक गोष्ट पुढे आणतो: टाकीबाहेर काय घडले? 'द अक्वेरियम' (१८५४) या ग्रंथाने फिलिप हेन्री गॉस यांनी इंग्लंडला या छंदाचे वेड लावले. त्यांचे पुत्र एडमंड गॉस यांनी 'फादर अँड सन' (१९०७) मध्ये त्याचा परिणाम खेदाने नोंदवला आहे: हौशी संग्राहकांच्या झुंडींनी किनाऱ्यावरच्या खडकांतली सजीव डबकी ओरबाडून रिकामी केली. ज्या सौंदर्याच्या प्रेमापोटी ग्रंथ लिहिला गेला, त्याचाच तो ऱ्हास होता. आज अनेक प्रवाळ टाकीतच वाढवून, तुकडे करून एकमेकांना दिले जातात, ही जमेची बाजू. तरीही 'हा प्रवाळ कोठून आला?' हा प्रश्न गुणांकनाच्या कोष्टकात क्वचितच असतो. तो असावा, आणि वरच्या ओळीत असावा. भारतात तर दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे; त्यामुळे ते समुद्रातून काढून घरी नेणे हा गुन्हाच ठरतो.

या संदर्भात २०२० ची एक घटना आठवते. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या अठरा वसाहती स्थलांतरित करण्यात आल्या. तेव्हा अनेक मुंबईकरांना आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत हे प्रथमच कळले. गढूळ पाण्यात, भरती-ओहोटीच्या माऱ्यात तग धरणाऱ्या या लहानशा वसाहतींना वर सांगितलेल्या तिन्ही पक्षांनी नापासच केले असते: पाणी अशुद्ध, रंग उणा, मांडणी शून्य. आपल्या निकषांत न बसणारी वस्तू आपल्याला दिसतच नाही, ही त्यातली खरी हानी. साहित्याच्या अभ्यासक्रमातून अशी किती पुस्तके न दिसता राहिली असतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

मावसभावाने टाकी पुन्हा उभी केली आहे. वही अजून आहे. ती टाकून द्यावी असे मीही म्हणणार नाही, कारण काही तरी बिघडते आहे याची पहिली चाहूल पुष्कळदा तिच्यातच लागते. पण मागच्या खेपेस फोनवर टाकीची चौकशी केली, तेव्हा तो म्हणाला, "थांब, बघून सांगतो." आणि बराच वेळ काही बोलला नाही.