पोर्टल गेलं, बातम्या कुठे गेल्या?

२२ सप्टेंबर २०२३ ची रात्र नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलीमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठच्या लेआउटांमधल्या घरांत शिरली. दैनिकांची पानं तोवर छापायला गेली होती. त्या पहाटे शहर बातम्या वाचत होतं ते मोबाइलवर, स्थानिक पोर्टलांच्या लिंका एकमेकांना पाठवत. पुढे तलावाच्या सांडव्याजवळच्या विवेकानंद स्मारकाचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. उद्या नदीकाठी घर घेऊ पाहणाऱ्या कुणाला त्या पहाटेच्या बातम्या बघाव्याशा वाटल्या, तर त्या सापडतील का? त्या पोर्टलच्या मालकाने यंदा डोमेनचे आणि सर्व्हरचे पैसे भरले असतील, तर सापडतील.

छोटं पोर्टल कसं चालतं हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दोन-तीन बातमीदार, व्हिडिओ घेणारा एखादा मुलगा, आणि उत्पन्न म्हणजे नेत्यांच्या वाढदिवसाच्या आणि दसरा-दिवाळीच्या शुभेच्छांच्या जाहिराती. त्या आटल्या की आधी पगार थकतात, मग बातम्या विरळ होतात आणि एक दिवस पान उघडतच नाही. नागपुरात हे फार महागात पडतं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेत प्रशासक आला. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहराला नगरसेवकच नव्हते. तुंबलेल्या गटाराची तक्रार ऐकायला सभागृह नव्हतं. अशा काळात प्रभागातली बातमी देणारा माणूस हाच नागरिकाचा आवाज असतो, आणि त्याने लिहिलेलं सगळं एका न भरलेल्या बिलापायी नाहीसं होऊ शकतं.

वर्तमानपत्रं बंद पडणं या शहराला नवं नाही. माधवराव सप्रे यांनी १९०७ मध्ये इथून ‘हिंदी केसरी’ सुरू केला. घरी मराठी बोलणारा हा माणूस टिळकांचा विचार हिंदी मुलखात नेत होता. १९०८ मध्ये त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि पत्राचा घास घेतला गेला. पण १९८४ मध्ये भोपाळला विजयदत्त श्रीधर यांनी एक संग्रहालय उभं केलं, त्याला सप्रे यांचंच नाव दिलं, आणि तिथे आज जुनी वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं जपलेली आहेत. ज्याचं पत्र सरकारने संपवलं, त्याच्या नावाच्या छताखाली इतरांची पत्रं सुरक्षित आहेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुसरी गोष्ट ‘मूकनायक’ची. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबईत ते सुरू केलं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती, आणि त्याच वर्षी नागपुरात महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरली. तरीही १९२३ पर्यंत पाक्षिक बंद पडलं. ते पुन्हा वाचकांसमोर आलं ते बऱ्याच अंशी एका नागपूरकरामुळे. वसंत मून महारपुऱ्यात वाढले, सरकारी नोकरीत गेले आणि बाबासाहेबांचं लेखन शोधण्यात, जमवण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घातली. राज्य सरकारच्या आंबेडकर ग्रंथमालेचे ते संपादक होते. बाबासाहेबांच्या ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ या पत्रांचे हाती लागलेले अंक १९९० मध्ये पुस्तकरूपाने निघाले, तेही त्यांच्याच संपादनाखाली. २०२१ मध्ये दिल्लीत मीना कोटवाल यांनी ‘द मूकनायक’ या नावाने वृत्तसंकेतस्थळ सुरू केलं. शंभर वर्षांपूर्वी थांबलेल्या पाक्षिकाचं नाव एका तरुण पत्रकार स्त्रीला आपलं वाटलं, कारण ते पाक्षिक काय होतं हे अंक उघडून बघता येत होतं. कुणाच्या तरी कपाटात, ट्रंकेत, वाचनालयात ते कागद उरले होते.

पोर्टलसाठी असं कपाटच नाही. छापील पुस्तकांच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्याव्यात असा कायदा १९५४ मध्ये झाला आणि १९५६ च्या दुरुस्तीने वर्तमानपत्रंही त्यात आली. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय त्यांपैकीच एक. त्या कायद्याचं पालन किती कसोशीने होतं हा वेगळा विषय, पण निदान तत्त्व मान्य झालेलं आहे. डिजिटल बातम्यांचं काय? २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत प्रकाशकाने मजकुराची नोंद किमान साठ दिवस जपावी, एवढीच अट आहे. तीही तक्रार आली तर तपासता यावं म्हणून. साठ दिवस! अंबाझरीच्या पुरावरची सुनावणीसुद्धा तेवढ्यात संपत नाही. ब्रिटनने २०१३ पासून संकेतस्थळंही ग्रंथालयांनी साठवायच्या यादीत घेतली. आपल्याला ते अवघड आहे असं मला अजिबात वाटत नाही.

जुना संग्रह किती मोलाचा असतो ते न्यूयॉर्कमध्ये दिसलं. २ नोव्हेंबर २०१७ रोजी जो रिकेट्स या मालकाने ‘डीएनएइन्फो’ आणि ‘गॉथमिस्ट’ ही स्थानिक वृत्तस्थळं एका झटक्यात बंद केली. आठवडाभरापूर्वीच तिथल्या पत्रकारांनी संघटना करण्याच्या बाजूने मत दिलं होतं. कुठलीही जुनी बातमी उघडा, समोर मालकाचं पत्र यायचं. पत्रकारांच्या हाती स्वतःच्याच कामाचा पुरावा उरला नाही. ओरड झाली, संग्रह परत आला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सार्वजनिक रेडिओ केंद्रांनी ‘गॉथमिस्ट’ आणि त्याची भावंडं वाचवली. नाव न सांगणाऱ्या दोन देणगीदारांच्या पैशातून त्यांनी मुख्यतः नाव, डोमेन आणि जुना संग्रह एवढंच विकत घेतलं. इमारत नाही, यंत्रं नाहीत. पुन्हा सुरू करण्यासारखं जे होतं ते तेवढंच होतं. ‘डीएनएइन्फो’च्या शिकागोतल्या पत्रकारांनी वाचकांकडून वर्गणी जमवून ‘ब्लॉक क्लब’ नावाने नवं स्थळ काढलं. वस्तीतला वाचक पैसे देतो, हे तिथे सिद्ध झालं.

आपल्याकडे यातलं काही लगेच करता येईल. पोर्टलचा मजकूर एका हार्ड डिस्कवर सहज मावतो. जागा खातात ते फोटो आणि व्हिडिओ. विद्यापीठाच्या जनसंवाद विभागाने, नाहीतर १९२३ पासून उभ्या असलेल्या विदर्भ साहित्य संघाने, शहरातल्या पोर्टलांकडून दर महिन्याला एक प्रत घ्यावी. बदनामीच्या खटल्यांची भीती मालकांना वाटते आणि ती रास्त आहे, म्हणून ती प्रत फक्त ग्रंथालयात बसून वाचता येईल अशी अट घालावी. बातमीदारांनीही थांबू नये. इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’वर आपली बातमी जपून ठेवायला पैसे लागत नाहीत.

आणि बंद पडलेलं पोर्टल पुन्हा उभं करण्याच्या गोष्टी करणाऱ्या तरुण मित्रांना माझं कळकळीचं सांगणं आहे. नवा लोगो, नवा स्टुडिओ, गुंतवणूकदार हे सगळं नंतर. जुना डेटाबेस कुणाच्या लॅपटॉपमध्ये पडला आहे, ते आधी शोधा. डोमेनची मुदत कधी संपते ते बघा. संपली असेल तर आजच ते परत घ्या, कारण असली सोडून दिलेली नावं सट्ट्याच्या जाहिराती चालवणारे टपून उचलतात, आणि मग तुमच्या पुराच्या बातमीची जुनी लिंक वाचकाला त्यांच्या दारात नेऊन सोडते.