ताळेबंदाचे दोन चेहरे

'ऑर्केस्ट्रा' म्हटले की आपल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर उत्सवातील सिनेगीतांचा कार्यक्रम उभा राहतो. आम्हांस येथे अभिप्रेत आहे तो पाश्चात्त्य सिंफनी वाद्यवृंद. सेमिनरीत असताना कॅसेटवरून त्याची ओळख झाली आणि ती जन्मभर टिकली. हा वाद्यवृंद तिकिटांवर पोट भरू शकत नाही. अमेरिकेत तर तो मुख्यत्वे देणग्यांवर आणि दात्यांनी ठेवलेल्या कायम निधीच्या उत्पन्नावर जगतो. पैसा लोकांचा आहे, तेव्हा हिशेब लोकांस कळावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. पण एवढेही पुष्कळांना झोंबते.

मिनेसोटा वाद्यवृंदाचे उदाहरण घ्या. १ ऑक्टोबर २०१२ रोजी तेथील नियामक मंडळाने वादकांवर टाळेबंदी लादली. किमान वार्षिक वेतन सुमारे १,१३,००० डॉलरवरून ७८,००० डॉलरवर आणा, अशी मागणी होती. कारण सांगितले गेले ते तुटीचे. परंतु मंडळाच्याच बैठकांचे इतिवृत्त वृत्तपत्रात आले, तेव्हा निराळीच गोष्ट दिसली. २००९ व २०१० साली सभागृहासाठी सरकारी साहाय्य हवे होते, म्हणून जमाखर्च समतोल दाखवायचा आणि पुढील दोन वर्षांत वेतनकपात पटवायची, म्हणून तूट दिसू द्यायची! कायम निधीतून कोणत्या वर्षी किती काढायचे, यावर चेहरा ठरणार. प्रत्येक आकडा नियमात बसत असेलही. पण नियमात बसणे आणि खरे बोलणे यांत अंतर असते, हे कोणत्याही पापनिवेदन ऐकणाऱ्यास ठाऊक असते. स्वतंत्र आर्थिक तपासणी करा, असे वादक सांगत होते. इकडे ५ कोटी डॉलरचे सभागृह-नूतनीकरण मात्र चालूच होते.

यावर अर्थशास्त्राचा दाखला दिला जातो. बॉमोल आणि बोवेन यांनी १९६६ साली दाखवून दिले की चार वादकांची रचना वाजवायला आजही चारच माणसे लागतात. कारखान्याप्रमाणे येथे उत्पादकता वाढत नाही, खर्च मात्र वाढतो. हे आम्हांस मान्य आहे. वाद्यवृंदाला तूट येणारच. मग ती आरंभापासून उघड का सांगू नये? जे दुखणे सर्वांना ठाऊक आहे, ते लपवण्याची गरज कोणाला भासते?

फिलाडेल्फिया वाद्यवृंदाने एप्रिल २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा त्याच्या नावे सुमारे १४ कोटी डॉलरचा कायम निधी होता. दात्यांच्या अटींमुळे त्यातील बराचसा पैसा कर्जफेडीस वापरता येत नव्हता. अटी पाळल्या, हे उत्तमच. पण वादकांचे निवृत्तिवेतन याच व्यवहारात बदलले गेले. त्यांच्याशी झालेल्या वचनाचा मान मात्र कमी ठरला.

मिनेसोटात कंडक्टर ऑस्मो व्हान्स्का यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये राजीनामा दिला. जानेवारी २०१४ मध्ये सुमारे १५ टक्के कपातीवर तडजोड झाली आणि त्याच वर्षी ते परतले. मध्यंतरीच्या पंधरा महिन्यांत मंडळाने एकही मैफल भरवली नाही. वादकांनी मात्र स्वतःच्या हिमतीवर तिकिटे विकून कार्यक्रम केले.